पोफळ देऊन खून होत नाही

भाचीच्या शाळेत मराठी भाषा गौरव दिनासाठी तक्ता करायला सांगितला होता. डावीकडे ‘परकीय शब्द’, उजवीकडे ‘शुद्ध मराठी शब्द’, विषय भाजी मंडई. नमुन्यादाखल बाईंनी तीन ओळी भरून दिलेल्या: बटाटा – आलुकंद, पेरू – अमृतफळ, टोमॅटो – रक्तफळ. भाची सातवीत आहे. स्केचपेनचं टोपण दातात धरून तिने विचारलं, “मामा, मग वड्याला काय म्हणायचं?” मी म्हटलं, “आलुकंदवडा.” ती हसली नाही. तिला मार्क हवे होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून हा जुना वाद नव्याने रंगात आलाय. एका बाजूला याद्या करणारे. हा शब्द पोर्तुगीज, तो फारसी, हा इंग्रजी, काढा बाहेर. दुसऱ्या बाजूला ‘भाषा प्रवाही असते हो’ एवढ्या एका वाक्यावर सगळं निभावून नेणारे. त्यांच्या लेखी शेवगा म्हटलं काय नि मोरिंगा म्हटलं काय. दोघे एकमेकांवर तुटून पडतात खरे, पण समजूत दोघांची एकच: शब्द म्हणजे बरणीवर चिकटवलेली चिठ्ठी. एकाला चिठ्ठी बदलून बरणी सोवळ्यात न्यायची आहे, दुसऱ्याला कुठलीही चिठ्ठी चालते. मला दोन्ही पटत नाही. शब्द कुठून आला यावर त्याचं मराठीपण ठरत नाही. इथे येऊन तो काय काय कामं करायला लागला, यावर ठरतं. या कसोटीवर बटाटा बिनघोर राहतो. मोरिंग्याला मात्र दारात थांबवून दोन प्रश्न विचारावे लागतात.

कामं म्हणजे काय, ते सुपारीकडे पाहून कळतं. लग्न ठरलं की सुपारी फुटते. पूजेला मूर्ती नसली की सुपारीच गणपती होऊन तांदळावर बसते. बँडवाला सुपारी घेतो, तमाशाचा फड सुपारी घेतो, आणि गुंडही सुपारी घेतो. जेवणानंतर अडकित्त्याने कातरायची ती पुन्हा निराळीच. या साऱ्यांमागे रीत एकच आहे: बोली पक्की झाली याची खूण म्हणून सुपारी हातावर ठेवायची. देवाला दिलेला शब्द असो, व्याह्याला दिलेला असो की मारेकऱ्याला दिलेला. आता कोकणात या झाडाला पोफळ म्हणतात. थेट संस्कृत पूगफलावरून आलेला, वंशावळीत कुठे डाग नसलेला शब्द. तर ‘अमक्याने तमक्याच्या नावाने पोफळ दिली’ असं म्हणून पाहा. खून होणार नाही. फार तर कुणी तुम्हाला श्रीवर्धनच्या वाडीचा भाव विचारेल.

नारळाची गोष्ट आणखी मजेची. शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि हातात नारळ देऊन हकालपट्टी होते. फळ तेच, झाड तेच, बाजारभावही तोच. निवृत्तीच्या समारंभात निवेदकाच्या तोंडून चुकून ‘साहेबांना नारळ देण्यात येत आहे’ असं निघालं, तर सभागृहात खसखस पिकते. (ही खसखसही झाडाचीच.) मग ‘दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, एक काढून दुसरा लावा’ असं म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? समानार्थी शब्द परीक्षेच्या पेपरात असतात. बोलण्यात प्रत्येक शब्दाने आपापली जागा धरलेली असते. पान झाडाला असतं, वहीला असतं, जेवायला बसण्यापूर्वी वाढायचं असतं, जेवून उठल्यावर खायचं असतं, आणि कुणी फसवलं की तोंडाला पुसलेलं असतं. यांतलं ‘खरं’ पान कोणतं?

शुद्धीवाले यावर म्हणतात, खरा अर्थ मुळातला, बाकीचे नंतर चिकटलेले. हा युक्तिवाद वजनदार वाटतो, कारण त्यामागे व्युत्पत्तीचा अभ्यास असतो. पण ज्या संस्कृतचा दाखला देऊन तो केला जातो, त्या संस्कृतातच त्याचा निकाल लागलेला आहे. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचं धारदार गवत हात न कापता आणणारा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात ‘कामात कुशल’ हा प्रयोग लक्षणेचं, म्हणजे मूळ अर्थ सोडून घेतलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून दिला. मूळ अर्थ गवताचा, म्हणून हा अर्थ दुय्यम. चौदाव्या शतकात साहित्यदर्पणकार विश्वनाथाने त्याला सरळ छेद दिला. शब्द कशावरून बनला ही एक गोष्ट, तो कशासाठी वापरला जातो ही दुसरी. ‘गौ’ शब्द जाण्याच्या धातूवरून आला म्हणून ‘गाय झोपली आहे’ हे वाक्य आलंकारिक ठरवणार का? संस्कृत पंडिताने संस्कृत शब्दाबद्दल हे म्हणून ठेवलंय, आणि आपण सातवीतल्या मुलीला बटाट्याचं मूळ विचारतोय.

तेलाचंही तसंच. तिळाचं ते तैल. मूळ अर्थच खरा मानायचा तर तिळाचं तेल म्हणणं द्विरुक्ती, करडईचं तेल म्हणणं विसंगती, आणि खोबरेल, एरंडेल, रॉकेल, गाडीच्या इंजिनात घालायचं ऑइल, अरबस्तानातून जहाजाने येणारं खनिज तेल, हे सगळं अशुद्ध. एवढ्याशा तिळाने केवढी पृथ्वी व्यापली ते पाहा. मुळाला जखडून ठेवला असता तर हा शब्द मकरसंक्रांतीपुरता उरला असता.

शुद्धीवाल्यांचा एक मुद्दा मात्र भावनिक म्हणून झटकता येत नाही. परक्या नावांमागे परकी सत्ता असते. हापूस हे नाव अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं. त्याने १५१० मध्ये गोवा घेतला आणि शहरात कत्तल केली. ज्या आंब्याच्या पेट्या आपण अक्षय्य तृतीयेला नातेवाइकांकडे पोचवतो, त्याच्यावर एका आक्रमकाचं नाव आहे, हे खरंय. नाकारून चालणार नाही. पण त्या नावाचं पुढे काय झालं तेही पाहायला हवं. अफोन्सोचा आफूस झाला, आफूसचा हापूस. आज हापूस म्हटल्यावर देवगड आठवतं, रत्नागिरी आठवते, पेटीतल्या पेंढ्याचा वास आठवतो. अल्बुकर्क कुणाला आठवतो? गोव्यात तर याहून बहार आहे. तिथला लाडका आंबा मानकुराद. पोर्तुगिजांनी त्याला म्हटलं ‘मालकोरादो’, म्हणजे रंग धड नसलेला. गोयंकारांनी शिवीचा मान करून टाकला आणि हापूसला नाक मुरडायला मोकळे झाले. जिंकलेल्यांची नावं अशीही हरतात.

या आंब्याच्या झाडाला आपण म्हणतो कलम. मूळ ग्रीक ‘कालामोस’, म्हणजे बोरू, पाणथळीत वाढणारी वेताची काडी. अरबांनी त्याचं कलम केलं, म्हणजे लेखणी. लेखणीने लिहिलेल्या कायद्याच्या परिच्छेदाला आपण कलम म्हणू लागलो आणि चाकूने तासून बसवलेल्या काडीलाही कलम. संविधानाच्या अधिकृत मराठी अनुवादात शब्द आहे अनुच्छेद. तरी देशभर गाजलं ते ‘कलम ३७०’. तेव्हा ‘हापूसचं कलम’ या दोन शब्दांत एक पोर्तुगीज, एक ग्रीक-अरबी, आणि अस्सल मराठी काय, तर ‘चं’.

तो ‘चं’च महत्त्वाचा आहे. माझे वडील पागोळ्या गळत असताना पडवीत बसून कोयकलमं बांधायचे. कोय रुजून तांबूस, लवलवीत रोप वर आलं की त्याचा शेंडा छाटायचा, खुंटाला मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि पट्टी करकचून गुंडाळायची. काडी कुठल्याही बागेतली चालते. खुंट मात्र इथल्याच मातीत रुजलेल्या रायवळाचा. सालीला साल भिडली तर जगतं, नाही तर आठवड्याभरात काडी काळी पडते. भाषेत ही साल भिडली की नाही, ते सामान्यरूपावरून कळतं. बटाटा, बटाटे, बटाट्याची, बटाट्यांना. मिरची, मिरच्या, मिरचीने. तंबाखू मळतात, पपईला पपया लागतात, काजूची उसळ होते. मराठीचं व्याकरण या शब्दांतून रसासारखं वाहतं. खुंट आपला आहे म्हणून फळाला कुणी परकं म्हणत नाही.

याच कसोटीवर एक गंमत दिसते. शहरातला शिकलेला माणूस ‘टोमॅटो’ म्हणतो: टोमॅटोची चटणी, चार टोमॅटो. शब्द जसाच्या तसा, पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला. विदर्भ-मराठवाड्यात म्हणतात टमाटे: टमाट्याची चटणी, टमाट्याला भाव नाही. खुद्द मेक्सिकोतल्या या शब्दाला मराठी साल फुटली ती तिथे. आणि ‘टमाटे’ म्हणणाऱ्या मुलाला पुण्या-मुंबईच्या शाळेत काय म्हणतात? अशुद्ध बोलतो. शुद्धीच्या नावाने आपण अधिक मराठी शब्दाला कमी मराठी शब्दाची शिकवणी लावलेली आहे.

माझ्या बाजूचे बरेच लोक आणखी एक सोपी थाप मारतात: भाषा लोक घडवतात, फर्मानं काढून शब्द रुळत नाहीत. हे खोटं आहे. दिनांक, महापौर, हुतात्मा हे सावरकरांनी घडवलेले शब्द आज त्यांचे कट्टर विरोधकही बिनदिक्कत वापरतात. त्याआधी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. फारसी पदनामांच्या जागी संस्कृत आणली. सुरनिसाचा सचिव झाला तो आजही मंत्रालयात बसतो, सरनौबताचा सेनापती झाला तो टिकला. ठरवून केलेला शब्द रुजू शकतो, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच यादीत पेशव्याचा मुख्य प्रधान झाला होता. पुढे शंभर वर्षं शिक्क्यावर कोरलं जायचं ‘मुख्य प्रधान’ आणि लोक म्हणायचे पेशवे. शिक्का सरकारचा होता, जीभ लोकांची. तेव्हा घडवलेला शब्द टिकेल की नाही, हे तो संस्कृत आहे की नाही यावर ठरत नाही. ती जागा आधी रिकामी होती का, यावर बरंच ठरतं. महापौर नवीन पद होतं. पेशवा हा शब्द मात्र लोकांच्या तोंडी बसलेला होता.

हे ध्यानात ठेवून ‘कमलम’कडे पाहू. जानेवारी २०२१ मध्ये गुजरात सरकारने जाहीर केलं की ड्रॅगन फ्रूटला यापुढे कमलम म्हणायचं. फळ कमळासारखं दिसतं आणि ड्रॅगन म्हटलं की चीन आठवतो. त्यावर जी हाणामारी झाली ती बहुतेक कमळ या निवडणूक चिन्हावरून. मला ती बाजूला ठेवायची आहे, कारण नवं नाव ठेवण्यात मुळात चूक काहीच नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा, १२९० मध्ये, या भूमीत मिरची नव्हती, बटाटा नव्हता, शेंगदाणा नव्हता. हे सगळं पुढे अमेरिकेतून आलं. काहींची नावं बरोबर आली, काहींना आपण दिली. जमिनीखाली मुगासारखं काही लागतं, म्हणून भुईमूग. अमेरिकेतल्याच एका फळाला सीतामाईचं नाव मिळालं आणि मग रामफळ, हनुमानफळ असा सगळा परिवारच जमला. (आपल्या उपवासाच्या ताटातून अमेरिका वजा केली तर वरीचे तांदूळ, ताक आणि पुण्य एवढंच उरतं. साबुदाणाही तिकडच्याच कंदाचा.)

मग सीताफळ चालतं आणि कमलम का नको? कारण सीता नावाचं दुसरं फळ मंडईत नव्हतं. कमळ आहे. कमळकाकडी त्याच पाटीत असते, कमळाची फुलं पलीकडच्या गाळ्यावर. कुणी म्हणेल, मिरीवरून मिरची झाली तसं कमळावरून कमलम. पण मिरची आली ती मिरीचंच काम करायला. जेवणात तिखट हवं, ते तिने स्वस्तात दिलं आणि मिरीला मसाल्याच्या डब्याच्या कोपऱ्यात बसवलं. नावात नातं दिसतं, कारण कामात नातं आहे. या फळाचं आणि कमळाचं काय नातं? ते निवडुंगाचं फळ आहे. सांगली-सोलापूरकडचे शेतकरी त्याला नुसतं ‘ड्रॅगन’ म्हणतात. ‘यंदा ड्रॅगनला फुलं चांगली आहेत’, ‘ड्रॅगनची बाग काढली’. प्रत्यय लागलेत, साल भिडतेय. दोन पिढ्यांनी त्याचं डागन-बिगन काही झालं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता प्रवाहीवाल्यांकडे वळतो, कारण इथवर ते माना डोलावत असणार. तुमचा बटाटा मला मान्य आहे, म्हणून तुमचा मोरिंगा मान्य आहे असं नाही. बटाटा आला तेव्हा आपल्याकडे ती वस्तूच नव्हती. तो स्वतःची खुर्ची घेऊन आला. मोरिंगा, लेमनग्रास, करी लीव्ह्ज हे शब्द भरलेल्या खुर्चीवर येऊन बसतात. त्यात मोरिंगा तर दक्षिणेतल्या मुरुंगै-मुरिंग्याचंच लॅटिन रूप. शेजारच्या घरातला शब्द साता समुद्रांपलीकडून फिरून आला आणि आपण त्याला विलायती समजून पाट मांडला. आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली पावसाळ्यात गवती चहाची जुडी पुदिन्याशेजारी पाण्यात उभी करून ठेवते. तीच पाती शंभर पावलांवरच्या दुकानात लेमनग्रास म्हणून थर्माकोलच्या ताटलीत आडवी पडलेली असते, चौपट भावाला. शुद्धीवाल्यांनी हेही ऐकावं: गवती चहातला चहा चिनी आहे. म्हणजे इथे जो शब्द वाचवायला हवा, तो अर्धा परकाच आहे. चिनी शब्दाला मराठी गवत बांधून आपण जे कलम केलं, ते उपटून तिथे इंग्रजी काडी खोचायचं कारण काय?

यावर त्यांच्याकडे एक चांगलं उत्तर आहे, आणि ते मीच त्यांच्या हातात दिलंय. नारळ आणि श्रीफळ जसे वेगवेगळी कामं करतात, तसं शेवगा आणि मोरिंगा का करू नयेत? आमटीत शेवग्याच्या शेंगा, डबीत मोरिंगा पावडर. मान्य. एवढीच वाटणी राहिली तर मला तक्रार नाही. पण श्रीफळ म्हणणाऱ्याला नारळ माहीत असतो. मोरिंग्याची डबी हजार रुपयांना मागवणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांना मी त्यांच्याच सोसायटीच्या कुंपणालगतचं झाड दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, “हे? याच्या शेंगा वॉचमन तोडून नेतो.” इथे शब्दांत वाटणी झाली नव्हती. झाड आणि डबी यांच्यात भिंत उभी राहिली होती.

भाजीच्या नावात पुष्कळदा ती खायची कशी हेही बांधलेलं असतं. पहिल्या पावसात ठाणे, पालघर, रायगडकडे आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात, आणि शेवळांबरोबर काकडं देतात, गोटीएवढी हिरवी आंबट फळं. शेवळं घशाला खाजतात. काकडांच्या आंबटाने ती खाज मरते. म्हणून ‘शेवळं-काकडं’ हे एका दमात म्हणायचे शब्द आहेत. कुणी उद्या शेवळं ‘वाइल्ड ग्रीन्स’ म्हणून पाकिटात घालून विकली, तर काकडं बाहेर राहतील आणि घसा तेवढा खाजेल. शुद्धीवाल्यांची मूळ भीती हीच आहे, आपली नावं जातील ही, आणि ती शंभर टक्के खरी आहे. फक्त त्यांनी पहारा चुकीच्या दारावर बसवलाय. शेकडो वर्षांच्या पोर्तुगीज बटाट्याला हाकलायला जेवढी शक्ती लागते, तिच्या दहाव्या हिश्श्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या रानभाज्यांची नावं वर्गातल्या प्रत्येक पोराला पाठ होतील. पाठ कशाला, खाऊन माहीत होतील.

तक्त्याचं पुढे असं झालं. मी भाचीला सुचवलं, तिसरा रकाना कर: ‘आमच्या घरी काय म्हणतात’. ती खूश झाली आणि पेरूपासून सुरुवात केली. तिची वडिलांकडची आजी परभणीची. ती म्हणाली, “पेरू कशाला, जांब लिही.” माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, आमच्या रत्नागिरीची, ती स्वयंपाकघरातून ओरडली, “जांब वेगळा हो, आई! तो पांढरा, पाणचट असतो तो.” आजी म्हणाल्या, “तो तुमच्याकडं.” मग लाल भोपळ्यावरून जुंपली. समोरच्या काकू जळगावच्या, त्या त्याला डांगर म्हणतात. आणि आमच्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं, ताकात कालवून भाकरीशी खायचं. रकाना भरला, समासही भरला, शेवटची दोन नावं कागदाच्या मागे गेली. सोमवारी तक्ता परत आला. लाल शाईत शेरा होता: एकच उत्तर लिहा.